फोर्ट डेलावेअर काठावरून बघायचा असेल तर सकाळी एक काठ, दुपारी दुसरा

तुमचा प्रश्न वाचला. आईबाबा पुण्याहून आलेत, बाबांना किल्ल्यांचं वेड, आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि बोटीची चढउतार त्यांना नको वाटते, तुम्ही राहता न्यू जर्सीतल्या एडिसनला, आणि विचारताय की डेलावेअर सिटीच्या बॅटरी पार्कमधून नुसता काठावर उभं राहून फोर्ट डेलावेअर बघितला तर एवढा ड्राइव्ह करण्यात काही अर्थ आहे का, की लांबून एक राखाडी पट्टी बघून परत यायचं.

मी त्या भागात गेली चौदा वर्षं राहतोय. आधी सह्याद्रीत किल्ले फिरायचो, इकडे आल्यावर पक्षी आणि फोटोग्राफीच्या निमित्ताने या नदीकाठी इतक्या वेळा उभा राहिलोय की देशातून आलेल्या कोणाकोणाच्या आईवडिलांना तिथे न्यायचं काम आपोआप माझ्याकडेच आलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते "दिसतो का" हा तुमचा खरा प्रश्नच नाहीये. दिसतो, स्वच्छ हवा असेल तर चष्मा लावणाऱ्या माणसालाही दिसतो. खरा प्रश्न असा की जे दिसेल त्यातून बाबांना काही कळेल का आणि आईंना तास-दोन तास बसावंसं वाटेल का. ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे, तुम्ही दिवसाच्या कुठल्या वेळी कुठल्या काठावर उभे आहात, हवा कशी आहे, आणि हातात दुर्बीण आहे की नुसता फोन. या तिन्ही जमल्या तर मी म्हणेन नक्की जा. जुलैच्या दमट दुपारी फोन घेऊन जाणार असाल तर नका जाऊ, त्यापेक्षा थोडं थांबा आणि ऑक्टोबरात जा.

आधी अपेक्षा ठीक करून घेऊ. किल्ला पी पॅच नावाच्या बेटावर आहे, डेलावेअर नदीच्या मधोमध, एका बाजूला डेलावेअर सिटी आणि दुसऱ्या बाजूला न्यू जर्सीतलं फोर्ट मॉट. बॅटरी पार्कच्या कठड्यापासून किल्ला साधारण दोन किलोमीटर. तटबंदी ३२ फूट उंच. आता दोन किलोमीटरवरून ३२ फूट म्हणजे किती, तर पौर्णिमेचा चंद्र आकाशात जेवढा दिसतो त्याच्या जेमतेम निम्म्या उंचीएवढं. हात सरळ लांब करून करंगळी आडवी धरली तर करंगळीच्या जाडीत चार तटबंद्या एकावर एक मावतील. आडवा मात्र बऱ्यापैकी पसरलेला दिसतो, दोन-तीन बोटं तरी. म्हणजे नुसत्या डोळ्यांना तो बुटका, लांबट, पाण्यावर ठेवलेला दगडी ठोकळा वाटतो. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात तर तांदळाच्या दाण्याएवढा येतो आणि घरी येऊन फोटो बघितल्यावर लोक म्हणतात अरे हेच बघायला गेलो होतो का. प्रत्यक्षात मजा आलेली असते पण फोटो बघून ती पुसली जाते, म्हणून पहिला अर्धा तास फोन खिशात राहू दे असं मी सगळ्यांना सांगतो.

राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा बघितला असेल बाबांनी तर ती तुलना मनात येणारच, आणि ती इथे चालत नाही. जंजिऱ्याला गोल बुरुज आहेत, काळा दगड आहे, तट थेट पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो. फोर्ट डेलावेअर पंचकोनी आहे, सरळ भिंतींचा, करड्या ग्रॅनाइटचा, आतून विटांच्या कमानी, आणि भोवती ३० फुटांचा खंदक आहे जो काठावरून अजिबात कळत नाही. सौंदर्य शोधायला गेलात तर जंजिरा जिंकेल. पण "हा इथेच का बांधला" हे समजून घ्यायचं असेल तर फोर्ट डेलावेअर काठावरून बघण्यासारखा दुसरा धडा नाही, आणि हे किल्ल्याच्या आत गेलेल्यालाही कळत नाही कारण आत गेलं की नदीच दिसेनाशी होते, कमानी आणि कोठड्या बघण्यात दिवस जातो.

बाबांना काठावर उभं करून मी काय सांगेन ते लिहितो, तुम्हीही तसंच सांगा. उजवीकडे समुद्र, डावीकडे वर विल्मिंग्टन आणि त्याच्यावर फिलाडेल्फिया. समुद्रातून फिलाडेल्फियाला जायचं तर जहाजाला या नदीतूनच यावं लागतं आणि नदी इथे मैलांनी रुंद आहे, एका काठावरच्या जुन्या तोफा दुसऱ्या काठापर्यंत नीट पोचायच्या नाहीत. पण मधोमध बेट आहे. बेटावर तोफा ठेवल्या की जहाज डावीकडून जावो की उजवीकडून, माऱ्यात येतंच. हे पिएर लांफांच्या, म्हणजे वॉशिंग्टन शहराचा आराखडा ज्यांनी केला त्या फ्रेंच इंजिनिअरच्या, १७९४ मध्येच लक्षात आलं होतं. खांदेरीची जागा शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये का धरली हे ज्याला माहीत आहे त्याला हे समजवायला दोन मिनिटं पुरतात, मुंबईच्या तोंडावरचं बेट ज्याच्या हातात त्याला येणारं-जाणारं प्रत्येक गलबत दिसतं, इथे मुंबईच्या जागी फिलाडेल्फिया घाला.

आणि मग बाबा विचारतीलच की बेट म्हणजे खडक का? नाही, तिथेच खरी गोम आहे. आपले जलदुर्ग खडकावर बसलेत, हे बेट म्हणजे चिखल आहे. लोक सांगतात की वाटाणे भरलेली एक बोट इथे गाळात रुतली, वाटाणे उगवले, त्यात माती अडकत गेली आणि बेट झालं, म्हणून नाव पी पॅच. दंतकथाच आहे पण गाळ खरा आहे. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या १८१२ च्या युद्धानंतर इथे पहिला ताऱ्याच्या आकाराचा किल्ला बांधायला घेतला तर पाया खचून भिंतींना तडे जायला लागले आणि १८३१ मध्ये आग लागून तो गेलाच. मग मधे बेट कोणाचं, डेलावेअरचं की न्यू जर्सीतल्या एका मालकाचं, यावर वर्षानुवर्षं भांडण, तो निवाडा १८४८ मध्ये केंद्र सरकारच्या बाजूने लागला आणि आज दिसतो त्या किल्ल्याचं काम सुरू झालं. चिखलात हजारो लाकडी खुंट ठोकून त्यावर हा सगळा ग्रॅनाइट चढवलाय. १८५९ च्या सुमारास किल्ला उभा राहिला. भिंती कुठे ७ फूट तर कुठे ३० फूट जाड. लांबून बघताना हा बोजा गाळावर उभा आहे हे डोक्यात ठेवलं की तो बुटका ठोकळा एकदम वेगळा दिसायला लागतो, निदान मला तरी.

आता वेळ आणि काठ, जो भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. पहिल्यांदा मी बॅटरी पार्कला सकाळी सातला पोचलो होतो, उन्हाळ्यात, उत्साहात. किल्ला तिथून ईशान्येकडे आहे आणि उन्हाळ्यात सूर्य उगवतोही तिकडूनच. सगळं पाणी चकाकत होतं, डोळे दिपत होते आणि किल्ला म्हणजे काळी सावली, ना दगड दिसे ना झरोके. तासभर थांबून मी निघालो आणि कितीतरी दिवस लोकांना सांगत होतो की तिथून काही दिसत नाही. चूक जागेची नव्हती, वेळेची होती. दुपारी तीननंतर तिथेच उभं राहा, सूर्य तुमच्या पाठीशी डावीकडे येतो आणि किल्ल्याची तुमच्याकडची बाजू उजळते, करड्या ग्रॅनाइटवर पिवळसर छटा येते, तोफांच्या झरोक्यांच्या ओळी ठिपक्यांसारख्या वेगळ्या दिसायला लागतात. फोर्ट मॉटला बरोबर उलटं, तिथून किल्ला नैऋत्येला आहे, म्हणून सकाळ चांगली आणि दुपारनंतर ऊन तोंडावर. हिवाळ्यात तर सूर्य खालीच असतो त्यामुळे तिकडे दुपारी एक-दोन वाजल्यापासूनच त्रास सुरू होतो.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा, सकाळी आधी फोर्ट मॉट, जे एडिसनहून टर्नपाइकने, म्हणजे टोलच्या हायवेने, खाली पेन्सव्हिलला उतरून येतं आणि त्यासाठी पूल ओलांडावा लागत नाही. दुपारी डेलावेअर मेमोरियल ब्रिज ओलांडून डेलावेअर सिटी. या पुलाचा टोल डेलावेअरकडे जाताना घेतात, परत येताना पुलावर घेत नाहीत. दोन्ही पार्कांमधे तीस-चाळीस मिनिटांचा ड्राइव्ह धरा. समोरासमोर दिसणारे दोन काठ आणि गाडीने मात्र वरपर्यंत जाऊन वळसा, हेही बाबांना आवडेल, नदीची रुंदी पायाखाली कळते. आणि जीपीएसमध्ये नुसतं बॅटरी पार्क टाकू नका, न्यूयॉर्कचं येईल, शहराचं नाव डेलावेअर सिटी टाका, क्लिंटन स्ट्रीट जिथे नदीला मिळतो तिथेच पार्क.

फोर्ट मॉटबद्दल. गाडीतून उतरल्यावर बाबा म्हणतील किल्ला कुठाय. कारण तो किल्ल्यासारखा दिसतच नाही, गवताचा लांबच लांब उंचवटा आणि त्याच्यामागे काँक्रीट. मुद्दा हाच आहे. फोर्ट डेलावेअरसारखे उंच दगडी तट बांधून होतात न होतात तोच रायफल्ड तोफा, म्हणजे नळीला आतून पीळ असलेल्या, लांबवर अचूक मारा करणाऱ्या तोफा आल्या, आणि १८६२ च्या एप्रिलमध्ये जॉर्जियातला फोर्ट पुलास्की, तोही असाच जाड भिंतींचा आणि अभेद्य समजला जाणारा, तीसेक तासांच्या माऱ्यात फुटला. त्यानंतर उंच भिंत म्हणजे उलट शत्रूला नेम धरायला सोय झाली. म्हणून १८९० च्या दशकात जेव्हा नदीचा बंदोबस्त नव्याने केला तेव्हा फोर्ट मॉट मातीत दडवला, तोफा अशा गाड्यांवर बसवल्या की उडवायला वर यायच्या आणि बार झाला की धक्क्याने खाली, भिंतीआड. डेलावेअर सिटीच्या बाजूला फोर्ट ड्यूपाँट, मधे बेटावरच्या जुन्या किल्ल्यात नव्या १२ इंची तोफा, आणि इकडे फोर्ट मॉट, तिघांनी मिळून नदी अडवली. फोर्ट मॉटच्या भरावावर उभं राहून समोरचा ग्रॅनाइटचा किल्ला बघितला की एकाच नजरेत दोन जमाने दिसतात, एक छाती काढून उभा राहणारा आणि एक लपून बसणारा. बाबांनी ट्रेक केलेले असतील तर त्यांना इथून हलवणं कठीण जाईल.

भरावावर जायला पायऱ्या आहेत. आईंना त्यात घालू नका, धक्क्याच्या बाजूला सपाट आहे तिथे फोल्डिंग खुर्ची टाका. उन्हाळ्यात डास आणि चावऱ्या माश्या भयंकर, गवतात गोचिडी, लांब पँट आणि मोजे पाहिजेतच.

फोर्ट मॉटच्या शेजारीच फिन्स पॉइंट नॅशनल सिमेटरी आहे. तिथे जायचं की नाही हे तुम्ही आईबाबांना विचारून ठरवा, सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना नको असतं. पण किल्ला समजायचा असेल तर तिथे पंधरा मिनिटं द्यावीत असं माझं प्रामाणिक मत आहे. फोर्ट डेलावेअरने शत्रूवर रागाने एकही गोळा टाकलेला नाही. त्याचं नाव झालं ते कैदखाना म्हणून. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडचे कैदी इथे आणायचे, १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर बेटावर एकाच वेळी १२ हजारांच्या वर कैदी होते, पूर्ण युद्धात जवळपास ३३ हजार. ते काही त्या दगडी भिंतींच्या आत नव्हते, बहुतेक सगळे बाहेर चिखलावर बांधलेल्या लाकडी बराकींमध्ये, आणि त्या बराकींचं आज काठावरून काहीच दिसत नाही. रोगराईने अडीच हजारांच्या आसपास माणसं गेली. बेटाची जमीन ओली, खड्डा खणला की पाणी, म्हणून प्रेतं बोटीने इकडे न्यू जर्सीच्या काठाला आणून पुरली. २४३६ कैदी तिथे आहेत, वेगवेगळ्या थडग्यांशिवाय, सगळ्यांचा मिळून १९१० मध्ये उभारलेला ८५ फुटांचा एक स्तंभ, आणि पहाऱ्यावर असताना मेलेले उत्तरेकडचे १३५ सैनिकही त्याच आवारात. मी पहिल्यांदा तिथून परत फोर्ट मॉटच्या काठावर आलो आणि किल्ल्याकडे बघितलं तेव्हा माझी नजर तटाकडे गेलीच नाही, त्याच्या उजवीकडच्या मोकळ्या दलदलीकडे गेली. त्या बाजूला एवढी माणसं होती.

आता दुपारचा बॅटरी पार्क, आणि इथे आईंची सोय छान आहे. सपाट पदपथ, बाक, सावली, गाडी जवळ. पार्कातच जुन्या चेसापीक अँड डेलावेअर कालव्याचं १८२९ चं दगडी लॉक, म्हणजे बोटी वर-खाली घेण्यासाठी दरवाजे लावून पाणी अडवायची जागा, आहे, कालव्याचं तोंड पुढे खाली दक्षिणेला हलवलं म्हणून हे जुनं टोक मागे राहिलं. लॉकच्या दुरुस्तीला माणसं पाण्याखाली ज्यात बसून उतरायची ती डायव्हिंग बेलही तिथेच ठेवलीय, बाबांना दाखवा.

दुर्बिणीबद्दल लोक फार गोंधळ करतात म्हणून थोडं जास्त लिहितो. ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, १० किंवा १२ पटीची नको. पट वाढली की हाताचा थरथराटही तेवढ्याच पटीने वाढतो आणि वयस्कर माणसाला त्यात काहीच स्थिर दिसत नाही, दोन मिनिटांत "मला नाही दिसत, तुम्हीच बघा" म्हणून परत देतात. आठ पटीने दोन किलोमीटरवरचा किल्ला पाव किलोमीटरवर आल्यासारखा दिसतो, तेवढं पुरतं. आईंना चष्मा असेल तर डोळ्यापाशी असलेले रबरी कप खाली दुमडून किंवा फिरवून बसवा, नाहीतर त्यांना गोल काळ्या बोगद्यातून बघितल्यासारखं होईल. आणि दुर्बीण डोळ्याला लावून किल्ला शोधायला सांगू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी ध्वजाचा खांब पकडायचा, नजर तिथेच ठेवून दुर्बीण वर आणायची, मग बरोबर समोर येतो. कोपर बाकाच्या पाठीवर किंवा कठड्यावर टेकवायचे. झेंडा लावलेला असेल तर त्याचे पट्टे वेगळे दिसतात का बघा, दिसले तर त्या दिवसाची हवा उत्तम आहे, नुसती रंगीत चिंधी लवलवताना दिसली तर हवेत गरमी आहे आणि अजून तासभर थांबण्यात फायदा आहे.

हवेचं असं असतं की नदीचं पाणी आणि वरची हवा यांच्या तापमानात फरक जास्त असला की मधला थर उकळल्यासारखा हलतो आणि मग जगातली कितीही महाग दुर्बीण आणा, तट वितळल्यासारखाच दिसणार. वसंतात पाणी अजून थंड आणि हवा अचानक गरम अशा दिवशी तर किल्ला उभा ताणल्यासारखा किंवा पाण्यापासून सुटून तरंगल्यासारखा दिसतो, तो मृगजळाचाच प्रकार, बघायला मिळाला तर नशीब समजा. स्वच्छ बघायचं असेल तर पाऊस होऊन गेल्यावर वायव्येकडून कोरडं वारं सुटतं तो दिवस धरा. सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत असे दिवस बरेच मिळतात. जॅकेट मात्र पाहिजे, नदीवर वारा बोचतो.

भरती-ओहोटीचंही बघून जा. इथे नदी म्हणजे आपल्याकडच्या खाडीसारखी आहे, समुद्र आत येतो-जातो, पाच-साडेपाच फुटांचा फरक पडतो. ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडतो, पक्षी जास्त दिसतात. भरतीला बेट बारीक होतं आणि किल्ला पाण्यातच उभा असल्यासारखा दिसतो. फोटोसाठी मी दुपारची भरती निवडतो, आईंना पक्षी आवडत असतील तर ओहोटी.

मोठ्या जहाजाची वाट जरूर बघा. मुख्य जलमार्ग बेटाच्या पलीकडून, न्यू जर्सीच्या बाजूने जातो, म्हणजे बॅटरी पार्कमधून जहाज किल्ल्याच्या मागून सरकताना दिसतं. तटाच्या वर नुसते कंटेनर आणि जहाजाची पांढरी केबिन हळूहळू पुढे जाते. ३२ फूट उंची म्हणजे किती कमी आणि बेट किती मोक्याचं हे तेव्हा एकदम कळतं. किती वेळाने येईल सांगता येत नाही, जहाजांची अ‍ॅप असतात ती फोनवर टाकून ठेवा.

आता तुम्ही न विचारलेली पण मला सगळ्यात पटणारी गोष्ट. आई बोटीत बसणार नाहीत म्हणून बाबांनीही बसायचं नाही असं का? किल्ल्याची फेरीबोट डेलावेअर सिटीतूनच सुटते, पार्कला लागूनच. सीझनमध्ये, म्हणजे वसंताच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, वेळापत्रक दरवर्षी बदलतं म्हणून निघण्याआधी स्टेट पार्कच्या साइटवर बघून घ्या. बोटीचा प्रवास अगदी थोडा, पलीकडे उतरलं की दलदलीतून ट्रामगाडीने किल्ल्यापर्यंत सोडतात. तुमच्यापैकी एकाने बाबांबरोबर जावं, एकाने आईंबरोबर बाकावर थांबावं. असं मी दोन-तीन कुटुंबांच्या बाबतीत केलंय आणि मागे राहिलेल्यांना कंटाळा आलेला नाही, कारण आपलं माणूस त्या बोटीत आहे म्हटल्यावर दुर्बिणीतून बघायला कारण मिळतं. एका आजींनी तर बोट धक्क्याला लागेपर्यंत दुर्बीण खाली ठेवली नाही.

शिवाय किल्ल्यावर सीझनमध्ये जुनी तोफ नुसती दारू भरून उडवून दाखवतात, ती वेळ बाबांना तिकडून फोन करून आईंना कळवायला सांगा. काठावरून आधी पांढरा धूर दिसतो आणि आवाज सहाएक सेकंदांनी येतो. धूर दिसल्यापासून सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचं, किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. आईंनी इकडे मोजलेलं आणि बाबांनी तिकडे ऐकलेलं संध्याकाळी जुळवता येईल.

हे सीझनमध्ये जमतं आणि सगळ्यात स्वच्छ हवा मिळते ती सीझन संपल्यावर, ही अडचण आहेच. बोट पाहिजे असेल तर सप्टेंबरमधला एखादा कोरडा वीकेंड हा मला मध्यम मार्ग वाटतो. नुसता काठच करायचा असेल तर ऑक्टोबर.

मे-जूनमध्ये जाणार असाल तर संध्याकाळपर्यंत थांबा. बेटाचा किल्ल्यापलीकडचा भाग बगळ्यांच्या विणीसाठी राखीव आहे, नऊ जातींचे बगळे, ढोकरी आणि शराटी तिथे घरटी करतात, एवढी मोठी वसाहत या किनाऱ्यावर फ्लोरिडाच्या उत्तरेला दुसरी नाही असं म्हणतात. सूर्य कलला की आजूबाजूच्या पाणथळीतून चरून परतणारे पांढरे बगळे पार्कच्या डोक्यावरून ओळीने बेटाकडे जातात आणि त्याच वेळी रात ढोकरी उलट्या दिशेने बाहेर पडतात, अगदी आपल्या मुळा-मुठेवर दिसते तीच जात. मोर शराटीही तीच. आईंना गावाकडचे पक्षी ओळखीचे असतील तर त्या किल्ल्यापेक्षा यातच जास्त रमतील. ड्रोन मात्र नेऊ नका, स्टेट पार्कात परवानगीशिवाय चालत नाही आणि घरट्यांवरून उडवला तर पक्षी अंडी सोडून उठतात.

कुठल्या महिन्यात जायचं ठरतंय आणि बाबा बोटीने जाणार की नाही एवढं इथेच कळवा, त्या वीकेंडची भरतीची वेळ बघून फोर्ट मॉटहून किती वाजता निघायचं ते सांगतो.